खारट पाण्यावर मूग उगवत नव्हता, तो असा उगवला

विहिरीचं पाणी खारट, विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) ३ डेसिसायमन प्रति मीटर. उन्हाळी मूग तुरळक उगवायचा. उकरलं तर दाणा अर्धवट फुगलेला, मोडाचं टोक तपकिरी. वाचलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपलेल्या, मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी नावापुरत्या. बियाणं बदललं, बुरशीनाशक चोळलं, दाट पेरलं, फरक शून्य. फार जीव जळायचा.

शेवटी आधी सरी-वरंबे पाडले. साठवलेलं पावसाचं पाणी भरपूर देऊन वरच्या थरातलं मीठ खाली धुतलं. वाफसा (पेरणीजोगी ओल) येताच बी वरंब्याच्या उतारावर टोकलं. माथ्यावर नाही, कारण ओल वर चढून सुकते आणि मीठ तिथेच साचतं. उगवण होईपर्यंत खारं पाणी बंद. नंतर तेच दिलं, पण माती पूर्ण सुकू न देता. निचरा नसेल तर आधी चर काढा, नाहीतर धुतलेलं मीठ पुन्हा वर येतं.