जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे ट्रेलर

माझ्या जुन्या शेव्हरोलेत टर्बो हायड्रामॅटिक ३५० आहे, तीन गिअरचा. ट्रेलर जोडून पहिल्यांदा लांबलचक चढ चढलो तेव्हा गाडी कुरकुरली नाही. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली, तर लालभडक ऑइल तपकिरी झालेलं आणि त्याला जळका वास. जास्तीचं पेट्रोल जातं कुठे आणि गिअरबॉक्स मरतो कशाने, याचं उत्तर तेव्हा कळलं: टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागाची घसरण.

या कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत नेणारं असतं ते फक्त ऑइल. दोघांना थेट जोडून टाकणारा लॉक-अप क्लच नाही, त्यामुळे सपाट रस्त्यावरही थोडी घसरण राहतेच. ओझं, कमी आरपीएम आणि चढ एकत्र आले की ती फार वाढते आणि वाया गेलेली ताकद ऑइल तापवते. ऑइल साधारण ८० अंश सेल्सिअसवर सुखात असतं. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे.

म्हणून ट्रेलर जोडण्याआधी वेगळा ऑइल कुलर लावाच. तो रेडिएटरकडून गिअरबॉक्सकडे परत जाणाऱ्या पाइपवर बसवा, म्हणजे ऑइल आधी रेडिएटरमधून आणि मग कुलरमधून जाईल. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये तापमानाचा सेन्सरही बसवून घ्या. मी तो आधी बसवला असता, तर ते ऑइल जळलं नसतं.

मग व्हॅक्यूम मॉड्युलेटर, म्हणजे इंजिनावर किती ओझं आहे ते व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्सला कळवणारी डबी. त्याची रबरी नळी चिरली की गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतो, इंजिन उगाच वरच्या आरपीएमवर फिरत राहतं. नळी काढून आत बघा. लाल ऑइल दिसलं तर मॉड्युलेटरमधला पडदा फाटलाय. तेच ऑइल इंजिनात जळून पांढरा धूर निघतो. एका बोल्टचं काम आहे, टाळू नका. ऑइलची पातळी इंजिन गरम आणि चालू असताना बघायची: माझ्या गिअरबॉक्सला पार्कमध्ये, क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटला न्यूट्रलमध्ये.

आता डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअर. त्याचा आकडा सांगतो की चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो. पेट्रोल वाचेल म्हणून ३.०८ काढून २.७३ बसवायचा मोह होतो. ट्रेलर ओढणाऱ्याने तो आवरावा. इंजिन आणखी हळू फिरतं आणि घसरण वाढते. वरचेवर ओढायचं असेल तर ३.७३ आणि १९८२ साली आलेला चार गिअरचा ७००आर४ गिअरबॉक्स ही जोडी मला पटते. चौथा गिअर ०.७० चा असल्याने, ६६ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन ३००० ऐवजी सुमारे २१०० वर येतं. पण हा चौथा गिअर रिकाम्या गाडीसाठी. ट्रेलर असेल तेव्हा लिव्हर तिसऱ्यावर ठेवा. आणि ७००आर४ ची टीव्ही केबल, म्हणजे ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते गिअरबॉक्सला कळवणारी थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, अचूक लावून घ्या. सैल राहिली तर आतला दाब पडतो आणि क्लच जळतात.

चालवताना चढ दिसला की मी स्वतःच लिव्हर दोनवर घेतो. माझ्या ३.०८ वर ताशी ७० ला तिसऱ्यात इंजिन जेमतेम १७०० वर रखडतं, दुसऱ्यात २६०० वर मोकळं ओढतं. आवाज वाढतो, ऑइलच्या तापमानाचा काटा मात्र खाली येतो. चढावर थांबलात तर गाडी ब्रेकवर धरा, ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. माथ्यावर पोचल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन हजारच्या आसपास चालू ठेवा आणि काटा ८० कडे येईपर्यंत थांबा.