नवी स्पोर्ट्स बाइक ताब्यात घेण्याआधी

हेल्मेट, हातमोजे, ओळखपत्र आणि पैसे भरल्याच्या पावत्या सोबत घ्याव्यात, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. टायरमधील हवा मोजण्याचा स्वतःचा गेज मात्र पिशवीत टाकल्याशिवाय घराबाहेर पडू नये; मागच्या खेपेस नेमका तोच राहिला होता.

गाडी शोरूमच्या दिव्यांखाली न पाहता उन्हात आणवून पाहावी. फेअरिंगवरचा, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणावरचा, ओरखडा फक्त डोळ्यांना खुपतो, पण पुढच्या फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) चकचकीत नळीवर नखाला जाणवेल असा ओरखडा असेल तर तो आतले तेल अडवणारे ऑइल सील कापतो आणि पुढे तेल गळू लागते, म्हणून त्या नळ्यांवरून बोट फिरवून पाहावे. हँडलच्या मानेवर कोरलेला चॅसी क्रमांक बिलाशी आणि विम्याच्या कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. त्या सतरा खुणांमध्ये आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. तेव्हा कागदावर 'ओ' दिसला, तर कोणीतरी शून्याच्या जागी तो टाइप केला आहे असे समजावे आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावे. विम्याचा दावा करताना ही चूक निस्तरणे फार जड जाते.

आता हवा. गाडी कारखान्यातून निघून गोदामात बराच काळ उभी असते. कुणी टायर बसू नयेत म्हणून हवा जास्त भरून ठेवतो, कुणी त्याकडे बघतही नाही. "हवा चेक केली आहे" हे उत्तर सगळीकडे मिळते. ते ऐकून घ्यावे आणि गेज काढावा. किती हवा हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनगार्डवरच्या स्टिकरवर छापलेले असते. मोठ्या स्पोर्ट्स बाइकना बहुधा पुढे 36 आणि मागे 42 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) लागते, तरी आपल्या गाडीचा स्टिकर म्हणेल तेच खरे. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. मोजायचे ते गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. चालवून आल्यावर तोच टायर काही पीएसआय जास्त दाखवतो. एवढा आग्रह अशासाठी की कोऱ्या टायरची पकड आधीच कमी असते, आणि त्यात हवा जास्त असली तर रस्त्याला टेकणारा भाग आणखी आक्रसतो. पहिले दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नये, हवा बरोबर असली तरीही.

चेनचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे आहे ना, ते पाहावे. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढले तर थ्रॉटलची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची, केबल ओढली जात आहे, आणि अशी गाडी हलवूसुद्धा नये. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझायला हवा. दोन्ही किल्ल्या, असल्यास किल्लीच्या क्रमांकाची पट्टी, हत्यारे, पुस्तिका. आरसे, लिव्हर आपल्या मापाने. झाले.

टाकीत पेट्रोल जेमतेम असते, म्हणून पहिला थांबा पंपाचाच. तिथे हवा तपासायचा मोह होईल, पण टायर तापलेले असल्याने आकडा चढलेला दिसेल. तो पाहून हवा कमी करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, पुन्हा गेज लावावा.