व्हेन्व्ह चालू असून जुनंच नमपाय का येतंय?

व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन वातावरण) ॲक्टिव्हेट केलंय, पिपने (पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल) नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररीही घातलीय, तरी प्रोग्राम भलतंच व्हर्जन उचलतोय असं झालं की लगेच सगळं उडवून परत इन्स्टॉल करायला घेऊ नका, आधी ते कुठून येतंय ते बघा. पायथनमध्ये नमपाय इम्पोर्ट करून त्याचं डबल अंडरस्कोर फाईल डबल अंडरस्कोर प्रिंट करा, पाथ व्हेन्व्हच्या फोल्डरमधला नसेल तर चोर सापडला.

बहुतेक वेळा कारण पायथनपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (पॅकेजेस कुठल्या फोल्डरांत शोधायची याची यादी) असतं. कधीतरी बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना चालणारी सेटिंगची फाईल) टाकलेलं असतं किंवा आरओएससारखं रोबोटिक्सचं सॉफ्टवेअर स्वतःच सेट करतं, आणि त्यातले फोल्डर व्हेन्व्हच्या आधी शोधले जातात, त्यामुळे व्हेन्व्हमध्ये काहीही घाला, उपयोग शून्य. अनसेट करून परत चालवून बघा. तिथे काही नसेल तर व्हेन्व्ह बनवताना सिस्टिम-साइट-पॅकेजेसचा (सिस्टिमची पॅकेजेसही व्हेन्व्हमध्ये दिसू देणारा) पर्याय दिला होता का ते त्याच्या सीएफजी फाईलमध्ये बघा.

नुसतं पिप न लिहिता कायम 'पायथन -एम पिप' लिहा, म्हणजे जे पायथन चालवताय त्यातच पॅकेज जातं, ही सवय खरंच लावून घ्या. नमपाय २.० २०२४ मध्ये आलं, त्यात एबीआय (कंपाइल केलेला कोड लायब्ररीशी जोडला जायची पद्धत) बदलला, म्हणून १.x वर कंपाइल केलेली पॅकेजेस त्याच्यावर फुटतात, तिथे 'नमपाय<२' असं अवतरणात लिहून व्हर्जन पिन (पक्कं) करा, नाहीतर शेल ते चिन्ह फाईल रीडायरेक्ट समजतं. आणि उबुंटूवर 'एक्सटर्नली मॅनेज्ड'ची (सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने इन्स्टॉल करायला मनाई) एरर आली तर ती मनाई डावलणारा ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा पर्याय प्लीज वापरू नका, सिस्टिमची स्वतःची टूल्स त्याच पायथनवर चालतात.