‘मेटल’मधले सात दुष्ट बॅटमन : कुठल्या क्रमाने आणि कसे वाचावेत

‘डार्क नाइट्स: मेटल’ या बॅटमनच्या कॉमिक मालिकेचं नाव काढलं की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, डीसी या अमेरिकन कॉमिक प्रकाशनाने इतकी मोकाट, इतकी भन्नाट गोष्ट कित्येक वर्षांत काढली नव्हती. दुसरा म्हणतो, नुसता गोंगाट आहे, कशाचा कशाला पत्ता नाही. मी पहिल्या तटातली. दुसऱ्या तटातल्यांशी बोलायला बसले की बहुतेक वेळा एकच गोष्ट कळते: त्यांनी मुख्य सहा अंक वाचलेले असतात आणि प्रत्येक दुष्ट बॅटमनचा जो वेगळा अंक आहे, तो सोडून दिलेला असतो. मग गोंगाटच ऐकू येणार. म्हणून हे सगळं कसं वाचावं ते सविस्तर लिहिते आहे.

आधी मांडणी समजून घ्या. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार ग्रेग कपुलो. मुख्य मालिका सहा अंकांची, ऑगस्ट 2017 ते मार्च 2018. डीसीचं जे बहुविश्व, म्हणजे समांतर जगांचा समूह, आपल्याला माहीत आहे त्याच्या खाली एक काळं बहुविश्व आहे, अशी कल्पना. तिथली जगं भीतीतून जन्मतात. मनात धास्ती आली की तिचं एक जग तयार होतं, पण ते टिकत नाही. कुजत जातं आणि कोसळतं. बार्बाटोस नावाची एक प्राचीन सत्ता अशा मरू घातलेल्या जगांमधून सात बॅटमन उचलून वर आणते. त्या जगांना क्रमांकही उणे दिलेत: उणे 52, उणे 44, उणे 32, असे.

सुरुवात ‘द फोर्ज’ आणि ‘द कास्टिंग’ या दोन पूर्वकथांपासून करा. जड वाटतील, पण बॅटमन सगळ्यांपासून लपवून कसल्या धातूंच्या मागे लागला होता ते तिथेच कळतं. ते ठाऊक नसेल तर पहिल्या अंकात तुम्ही थेट मंगुल या खलनायकाच्या आखाड्यात येऊन पडता आणि जस्टिस लीगवाले, म्हणजे बॅटमनचे सुपरहिरो साथीदार, एक भलामोठा यंत्रमानव जोडताना दिसतात. त्यानंतर मुख्य अंक पहिला आणि दुसरा. मग रेड डेथ, मर्डर मशीन आणि डॉनब्रेकर यांचे अंक, मग मुख्य तिसरा. त्यापुढे ड्राउन्ड, मर्सिलेस, डेव्हस्टेटर आणि बॅटमन हू लाफ्स, आणि त्यानंतरच चौथा. अंक याच क्रमाने बाजारात आले होते आणि हाच क्रम चांगला आहे. सहाव्याच्या आधी ‘द वाइल्ड हंट’ वाचायला विसरू नका. ग्रीन अ‍ॅरो, नाइटविंग, टीन टायटन्स वगैरेंच्या मालिकांमध्ये पसरलेली जोडकथा मात्र खुशाल सोडा. मुख्य कथेचं काही अडत नाही.

आता खरा मुद्दा. प्रत्येक दुष्ट बॅटमन वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: हा माणूस नेमका कुठे वळला? शक्ती कोणती, पोशाख कसला, कोण कोणाला हरवेल, हे सगळं बाजूला ठेवा. सातही जण शेवटच्या क्षणापर्यंत आपलेच ब्रूस (ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमन) आहेत, आणि प्रत्येकाने एक पाऊल असं टाकलंय की जे आपल्या ब्रूसनेही टाकलं असतं की काय अशी शंका येते.

डॉनब्रेकरचा अंक उघडा. ब्रूसच्या आईवडिलांचा खून झाला ती तीच गल्ली, तीच रात्र, आईच्या माळेचे तेच तुटलेले मोती. आईवडिलांची प्रेतं समोर पडलेली असताना त्या पोराकडे ग्रीन लँटर्न या सुपरहिरोंची जादुई हिरवी अंगठी येते, कारण त्याच्याइतकी इच्छाशक्ती दुसऱ्या कोणाकडे नाही. तो अंगठी खुन्यावर रोखतो. अंगठी नकार देते, जीव घेण्याची परवानगी नाही म्हणते. आणि ते पोरगं आपल्या दुःखाच्या जोरावर अंगठीलाच वाकवतं. इथे थांबा आणि तो प्रसंग पुन्हा पाहा. आपल्या ब्रूसला त्या रात्रीनंतर काहीच मिळालं नव्हतं. शिकायला, फिरायला, मार खायला वर्षं गेली आणि त्या वर्षांतच त्याचा जीव न घेण्याचा नियम घडला. या मुलाला ती वर्षंच मिळाली नाहीत. पुढे तो पोलीस अधिकारी गॉर्डनला मारतो, ग्रीन लँटर्नच्या दलाशी, लँटर्न कोअरशी, लढतो, ते सगळं त्या एका क्षणातून निघतं. माझ्या मते सातांपैकी हा सर्वांत चांगला अंक आहे.

मर्डर मशीनमध्ये ब्रूसचा वडीलधारा सेवक आल्फ्रेड मारला जातो आणि ब्रूस सायबॉर्ग या अर्धयांत्रिक साथीदाराच्या मदतीने त्याची संगणकीय प्रत उभी करतो. ती प्रत आल्फ्रेडसारखीच ब्रूसची काळजी घेते, म्हणजे त्याच्या वाटेत येणाऱ्यांना एकेक करून संपवते. मर्सिलेस युद्धदेव एरिसचं शिरस्त्राण चढवतो, कारण डायना, म्हणजे वंडर वुमन, गेली असं त्याला वाटतं. ती जिवंत आहे हे कळतं तेव्हा शिरस्त्राण उतरवण्याऐवजी तो तिलाच मारतो. हा अंक घाईने वाचू नका, शेवट निसटतो. रेड डेथ आणि डेव्हस्टेटर तुलनेने सरळ आहेत: एकाला फ्लॅशचा वेग हवा, दुसऱ्याला बिथरलेल्या सुपरमॅनला थांबवायला डूम्सडे या राक्षसाचं बळ हवं. ड्राउन्डची ब्राइस वेन, म्हणजे ब्रूसचं स्त्री रूप, मला अर्धवट वाटली. तिला जागा कमी पडली.

राहिला बॅटमन हू लाफ्स. माझा धाकटा भाऊ त्याच्यासाठी भांडतो. ‘ताई, तुझा तो अंगठीवाला कोणाच्या लक्षात आहे? लोकांच्या डोक्यात हाच बसलाय!’ बसलाय हे खरं. त्याची जन्मकथाही पक्की आहे. बॅटमनचा हाडवैरी जोकर मुलांसमोर त्यांच्या आईबापांना मारतो, बॅटमन अखेर जोकरची मान मोडतो, आणि जोकरच्या मृत शरीरातून सुटलेलं विष त्याला हळूहळू जोकर करून टाकतं. बॅटमनची बुद्धी तशीच राहते, फक्त त्याला कशाचाही अडसर उरत नाही. पण चाहत्यांची तक्रारही मला रास्त वाटते. स्नायडर आणि चित्रकार जॉक यांची त्याची स्वतःची मालिका, मग बॅटमन/सुपरमॅन, मग ‘मेटल’चा पुढचा भाग ‘डेथ मेटल’, इतक्या ठिकाणी तो येत गेला की धाक ओसरला. म्हणून आधी फक्त जेम्स टायनियन आणि रायली रॉस्मो यांचा 2017 मधला त्याचा अंक वाचा, मत बनवा, मग पुढचं हातात घ्या.

मत पक्कं करायचं तर तुलनेला जुनी दुष्ट मंडळीही हवीत. 1964 साली ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’च्या 29व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि माइक सेकोव्स्की यांनी अर्थ-थ्री नावाची उलटी पृथ्वी आणली. जस्टिस लीगच्या नायकांची दुष्ट रूपं तिथे आहेत: अल्ट्रामॅन, आउलमॅन (बॅटमनचं दुष्ट रूप), सुपरवुमन, जॉनी क्विक, पॉवर रिंग. तिथे सगळंच उलटं: कोलंबस अमेरिकन, त्याने शोधला युरोप, लिंकनने खऱ्या इतिहासातल्या आपल्या मारेकऱ्याला, बूथला, मारलं, सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या क्रिप्टोनाइटने अल्ट्रामॅनला नवीन शक्ती मिळते. हे लोक वळलेले नाहीत, त्यांचं अख्खं जगच उलटं आहे. मॉरिसन आणि क्वाइटलीच्या 2000 मधल्या ‘अर्थ 2’ या कॉमिकने त्यातून शहाणी गोष्ट काढली: त्या विश्वात दुष्टच जिंकतात, आपल्यात चांगले, त्यामुळे परक्या घरी कोणालाच टिकता येत नाही. 2013 च्या ‘फॉरएव्हर इव्हिल’मध्ये जेफ जॉन्सने हीच टोळी आपल्या पृथ्वीवर उतरवली. अल्ट्रामॅन चंद्र ढकलून सूर्य झाकतो, आणि लढायला उरतात ते लूथर, कॅप्टन कोल्ड आणि ब्लॅक मँटा हे खलनायकच. हे वाचलंत की ‘मेटल’चं वेगळेपण आपोआप दिसतं. आउलमॅनकडे पाहून आपला बॅटमन ‘हा मी नव्हे’ म्हणू शकतो. डॉनब्रेकरकडे पाहून म्हणू शकत नाही.

विरोधी तटाच्या दोन आक्षेपांवर भांडू नका, ते बरोबर आहेत. चौथ्या-पाचव्या अंकात पात्रं चारी दिशांना पांगतात आणि कोण कोणत्या धातूच्या मागे आहे हे लक्षात ठेवणं कठीण जातं. आणि पहिल्या अंकाच्या शेवटी ‘सँडमन’ या कॉमिकमधला स्वप्नांचा राजा ड्रीम येतो, त्याची पुढची कामगिरी बॅटमनला वाट दाखवण्यापुरती आहे. त्या पात्रावर जीव असलेल्यांना ते खटकणारच.

पण कोणी म्हणालं की शेवट पोकळ आहे, तर सहावा अंक काढून दाखवा. बॅटमन हू लाफ्सने बॅटमनची प्रत्येक चाल आधीच ओळखलेली असते, कारण तोही बॅटमनच आहे. तेव्हा बॅटमन जोकरला सोबत घेऊन येतो. ज्याने आपल्या जोकरला मारून टाकलं, त्याला ही चाल सुचणं शक्यच नव्हतं. यानंतर ‘डेथ मेटल’ घ्यायचं असेल तर घ्या, सात अंक आहेत, 2020 ते 2021. फक्त मध्ये थोडे दिवस जाऊ द्या.