एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष

मुलांना माहितीपर पुस्तकं पहिल्या पानापासून वाचून दाखवायचा हट्ट सोडा. सुरुवात त्यांच्या प्रश्नापासून करा. कोळ्याचे पाय मोजून मूल "आठ का?" म्हणालं, की कोळ्याचं पान उघडायचं, तेवढंच वाचायचं आणि पुन्हा भिंतीवरच्या कोळ्याकडे जायचं. पुस्तक आणि खरी वस्तू शेजारी असली की चित्र डोक्यात पक्कं बसतं.

इतिहासाची अडचण वेगळी. लहान मुलांना आजीचं बालपण आणि डायनासोर दोन्ही सारखेच "फार पूर्वीचे" वाटतात. त्यावर मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे दोरी. दोरीचं एक टोक म्हणजे आज, आणि एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष धरा; प्रत्येक घटनेसाठी एक गाठ मारा. मुलाचा जन्म बोटभर अंतरावर येतो, सत्तरीच्या आजीचा सत्तर सेंटीमीटरवर. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई हे रोमन शहर गाडलं गेलं, ती गाठ साधारण साडेएकोणीस मीटरवर, म्हणजे बहुतेक घराबाहेरच! आणि डायनासोर? ते नाहीसे झाले 6.6 कोटी वर्षांपूर्वी. त्यासाठी 660 किलोमीटर दोरी लागेल. हे ऐकून मुलं जी गप्प होतात, तो क्षण घाई न करता जाऊ द्या. प्रत्येक नव्या पुस्तकातली एक तारीख मुलाच्या हातानेच दोरीला बांधायची.

जुनं पुस्तक घेताना प्रकाशनवर्ष मात्र पाहा. 2006 पूर्वीच्या पुस्तकांत प्लूटो अजून ग्रहच असतो. असं पुस्तक फेकू नका. चूक मुलालाच शोधू द्या.