ड्रायव्हर मॉड्यूल बसवताना पॅकेजेस एकमेकांना आडवी येतात तेव्हा

बुधवार पेठेतून घेतलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली सुरळीत चालू लागली, पण त्यातले ब्रॉडकॉमचे वायफाय कार्ड तेवढे रुसले. ड्रायव्हर बसवू गेलो, तर पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) बसवणाऱ्या 'एपीटी' या साधनाने "यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" (रोखलेली, बिघडलेली पॅकेजेस आहेत) एवढेच सुनावले. अशा वेळी सर्वांत आधी मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेटची सोय करावी, कारण पुढे जुना ड्रायव्हर काढताच वायफायची उरलीसुरली आशाही मावळते.

त्या संदेशातील 'हेल्ड' हा शब्द फसवा आहे. 'एपीटी-मार्क शोहोल्ड' ही आज्ञा दिल्यावर काहीच उमटले नाही, तर कोणतेही पॅकेज मुद्दाम रोखलेले नाही असे समजावे आणि संदेशाच्या वरच्या ओळी वाचाव्यात. कोणत्या पॅकेजला कशाची कोणती आवृत्ती हवी आहे, हे तिथेच लिहिलेले असते. त्या पॅकेजवर 'एपीटी-कॅशे पॉलिसी' चालवली की बसलेली आवृत्ती, उपलब्ध आवृत्ती आणि ती कुठल्या भांडारातून येते, हे तिन्ही समोर येते. एखाद्या पीपीएने, म्हणजे बाहेरून जोडलेल्या भांडाराने, अधिकृत भांडारापेक्षा वरची आवृत्ती घुसवली असेल, तर 'पीपीए-पर्ज' वापरून मूळ आवृत्तीवर परतावे.

माझ्याकडे घोळ निराळा होता. 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' आणि 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' ही दोन्ही पॅकेजेस 'डब्ल्यूएल' नावाचेच मॉड्यूल (प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडला जाणारा ड्रायव्हर) बांधतात, आणि मी दोन्ही आळीपाळीने वापरून पाहिली होती. 'डीपीकेजी -एल'च्या यादीत पहिल्यासमोर 'आरसी' अशी अक्षरे दिसली, म्हणजे पॅकेज गेले, पण त्याच्या कॉन्फिगरेशन फाइल राहिल्या. 'रिमूव्ह'ऐवजी 'पर्ज' वापरले की त्याही जातात. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी'मध्ये जुनी ब्लॅकलिस्ट (चालू न करायच्या ड्रायव्हरांची यादी) उरली नाही ना, हे तरीही डोळ्यांनी पाहावे, कारण एका ओळीपायी चांगला ड्रायव्हर गप्प बसतो. जबरदस्तीने फाइल ओव्हरराइट करण्याचा पर्याय मात्र मी कधीच सुचवणार नाही. प्रत्येक बदलाआधी 'एपीटी -एस'ने रंगीत तालीम करावी; काढायच्या यादीत कर्नल किंवा डेस्कटॉप दिसला, तर तिथेच थांबावे.

यानंतर एकच पॅकेज निवडावे आणि ते बसवण्यापूर्वी 'यूनेम -आर' जी कर्नल आवृत्ती दाखवते, नेमके तिचेच हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल) बसवावेत. तरीही बांधणी फसली, तर '/व्हार/लिब/डीकेएमएस'खालची 'मेक.लॉग' ही बांधणीची नोंद उघडावी. २२.०४ मधील ६.५ कर्नल जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेले आहे, तर तिथला नेहमीचा जीसीसी ११ आहे. त्यामुळे 'जीसीसी-१२' वेगळे बसवल्याशिवाय मॉड्यूल तयार होत नाही.

सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल, तर बसवताना मागितलेला पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा; रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर मॉड्यूलच्या सहीच्या किल्लीची नोंद करताना तोच विचारला जातो आणि ही नोंद राहिली, तर कर्नल मॉड्यूल नाकारते. शेवटी 'एलएसपीसीआय -के' चालवून कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'समोर 'डब्ल्यूएल' आले की मोबाइलची वायर काढायला हरकत नाही.