थंडीत किरकिरणारा आरपीएम मीटर आणि काढून ठेवलेली केबल

नागपूर जिल्ह्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास घुटमळू लागला, की छोट्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डमधून येणाऱ्या आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. सकाळी सात वाजता ट्रॅक्टर सुरू केल्यावर आरपीएम मीटरमधून (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरमधून) आधी चिमणीसारखी चिवचिव येते, थ्रॉटल वाढवला की तिची किरकिर होते, आणि काटा एका जागी न थांबता ८०० ते १४०० च्या दरम्यान थरथरत राहतो. दहा-साडेदहाला ऊन तापले की सारे शांत होते, म्हणून शेतकरी पहिला आठवडा तिकडे लक्ष देत नाही. दुसऱ्या आठवड्यात तो वैतागतो आणि तिसऱ्या आठवड्यात मीटरमागचा नट सोडून, मीटर चालवणारी केबल ओढून काढून ती स्टिअरिंगच्या खांबाला सुतळीने बांधून टाकतो. आवाज बंद होतो, आणि खरे नुकसान तेव्हापासून सुरू होते.

काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या पट्ट्यात संत्र्याच्या बगीच्यांमध्ये फिरताना अशी बांधून ठेवलेली केबल इतक्या ट्रॅक्टरांवर दिसते, की बगीच्यात शिरल्यावर माझी नजर झाडांच्या आधी डॅशबोर्डकडे जाते. या हंगामात इतर काहीही राहिले तरी चालेल, पण केबल काढून ठेवू नये.

बगीच्यासाठी घेतलेल्या लहान ट्रॅक्टरवर वर्षातले सर्वांत मोलाचे काम ब्लोअरने, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध उडवणाऱ्या यंत्राने, फवारणी करण्याचे असते, आणि ब्लोअर पीटीओच्या (मागे जोडलेले यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याच्या) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवण्यासाठी बनवलेला असतो. मीटरच्या तबकडीवर पीटीओच्या ५४० ची वेगळी खूण असते. तिथे काटा आणून हँड थ्रॉटल स्थिर केला की काम झाले. केबल काढलेली असली की चालवणारा कानाने अंदाज घेतो, आणि डिझेल वाचवण्याच्या सवयीमुळे हा अंदाज जवळजवळ नेहमी खालच्या बाजूला चुकतो. पीटीओ ५४० ऐवजी ४५० वर फिरला, तर पंख्याची हवा सुमारे १७ टक्क्यांनी घटते आणि हवेचा दाब सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. औषध टाकीतून संपते, खर्च पूर्ण होतो, बुंधा आणि खालचा घेर ओला दिसतो. मात्र झाडाच्या शेंड्याला आणि आतल्या पानांच्या मागच्या बाजूला थेंब पोहोचत नाही. सायला किडीची पिल्ले बसतात ती नेमकी शेंड्याच्या कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर.

मागे एका बगीच्यात आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याची) फुले गळत होती आणि मालकाला दुकानातून तिसरे, अधिक महागडे कीटकनाशक मिळाले होते. झाडाच्या डोक्याइतक्या उंचीवर बांबूच्या टोकाला वर्तमानपत्राचा कागद बांधून नुसत्या पाण्याने ब्लोअर चालवून पाहिला, तेव्हा कमरेच्या उंचीवरचा कागद चिंब झाला आणि वरचा कोरडाच राहिला. औषधात दोष नव्हता. मीटरची केबल दोन वर्षांपासून टूलबॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेली होती, आणि त्या वर्षी बहाराचा मोठा भाग हातचा गेला.

दुसरे नुकसान उशिरा कळते. अनेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन किती तास चालले तो आकडाही याच केबलवर चालतो, म्हणजे केबल काढली की ट्रॅक्टरचे वय मोजणे थांबते. बहुतेक माहितीपुस्तिकांमध्ये नव्या ट्रॅक्टरचे पहिले इंजिन ऑइल ५० तासांनी आणि पुढचे साधारण २५० तासांनी बदलण्यास सांगितलेले असते. आपल्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. आकडा थिजला की ऑइल बदलण्याची आठवण कोणालाच राहत नाही, आणि दोन हंगाम त्याच काळ्या ऑइलवर ओढलेल्या इंजिनाचे बेअरिंग एक दिवस वाजू लागते. किरकिर सहन झाली नाही म्हणून केबल काढणाऱ्याला शेवटी त्याहून कितीतरी महाग आवाज ऐकावा लागतो.

आता आवाज नेमका कुठून येतो ते पाहावे. केबलचे दोन भाग असतात: बाहेरची नळी आणि तिच्यात फिरणारी पिळाची तार. तारेचे खालचे टोक इंजिनच्या फिरत्या भागाला जोडलेले असते आणि वरचे चौकोनी टोक मीटरमध्ये बसते. नळीतले जुने ग्रीस थंडीत घट्ट होते, त्यात दहिवराचे पाणी आणि धूळ मिसळलेली असते; त्यामुळे तार सलग न फिरता अडकते, स्प्रिंगसारखी पीळ धरते आणि एकदम सुटते. प्रत्येक सुटण्याबरोबर काटा उडतो आणि नळी चिवचिवते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले होते. तेवढी थंडी दरवर्षी पडत नसली तरी आपल्याकडे दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा-अठरा अंशांचा फरक सहज पडतो, आणि माझ्या अंदाजाने ग्रीसचा कस लागतो तो या फरकामुळेच.

प्रथम हा आवाज फॅन बेल्टचा नाही याची खात्री करून घ्यावी. बेल्टचा आवाज पुढून, बॉनेटखालून येतो, इंजिन सुरू होताच जोरात येतो आणि बहुधा काही मिनिटांत ओसरतो. शिवाय त्या वेळी काटा उडत नाही. आवाज डॅशबोर्डातून येत असेल आणि काटाही नाचत असेल, तर पुढची परीक्षा करावी. इंजिन बंद करून, किल्ली काढून, मीटरच्या मागचा नट हाताने सोडावा आणि केबलचे टोक मीटरपासून अलग करावे. तार नळीबाहेर उडणार नाही अशा बेताने टोक कापडात धरावे, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा, आणि मग दुसऱ्या माणसाने इंजिन सुरू करावे. थंडीत गळ्यात मफलर असतो. तो या कामाआधी काढून ठेवावा, कारण बेल्ट आणि पंखा हाताच्या अंतरावर फिरत असतात. केबल अलग असतानाही आवाज येत राहिला तर दोष केबलमध्ये किंवा खालच्या जोडात आहे. आवाज थांबला तर संशय मीटरच्या आतल्या बुशावर (फिरता दांडा टेकतो त्या कडीवर) घ्यावा, मात्र ताण नसताना कोरडी केबलही गप्प बसू शकते, म्हणून अशा वेळीही आधी केबल साफ करावी आणि मगच मीटरला हात लावावा. माझा एक ठोकताळा असा की दुपारी बारानंतर पूर्ण बंद होणारा आवाज बहुधा केबलचा असतो, आणि भर उन्हातही चालू राहणारा मीटरचा. हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही, पण मला तो क्वचितच फसवतो.

केबलची सफाई हे अर्ध्या तासाचे काम आहे. तार वरच्या टोकातून हळूहळू ओढून काढावी (काही ट्रॅक्टरमध्ये ती वरून निघत नाही, तेव्हा खालचे टोकही सोडावे लागते), जुन्या कापडाने पुसावी आणि रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन वाळवावी. मग ती दोन्ही हातांत धरून मध्यभागी इंग्रजी यू अक्षरासारखी लोंबू द्यावी आणि एक टोक चिमटीत धरून सावकाश फिरवावे. चांगल्या तारेचे दुसरे टोक तितकेच, सलग फिरते. तार कुठे मुरडलेली असेल तर ते थोडा वेळ फिरतच नाही आणि मग टचकन अर्धी फेरी उडी मारते. अशी तार कितीही ग्रीस लावले तरी शांत होणार नाही, ती बदलावी. तारेचा पीळ सुटलेला, एखादा धागा उसवलेला किंवा चौकोनी टोक गोल झालेले असेल तरीही तिचे दिवस संपले आहेत असे समजावे.

ग्रीस लावण्यातही चूक होते, आणि ती अतिउत्साहाची असते. तारेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागाला ग्राफाइटयुक्त पातळ ग्रीसचा बोटाने पुसल्याइतका थर द्यावा आणि मीटरकडच्या शेवटच्या पाच-सहा इंचांना काहीही लावू नये. फिरणारी तार ग्रीस वर चढवत नेते. ते मीटरच्या आत पोहोचले की चुंबक आणि त्याच्याभोवतीची ॲल्युमिनियमची वाटी यांच्यामध्ये चिकटते, आणि काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवू लागतो. मग ५४० च्या खुणेवर काटा ठेवूनही ब्लोअर मंदच फिरतो. ग्राफाइट ग्रीस मिळाले नाही तर आमच्या भागातले एक जुने मिस्त्री शिसपेन्सिलीचे शिसे खलून साध्या ग्रीसमध्ये मिसळत. ऐकायला गंमत वाटते, पण पेन्सिलीतही ग्राफाइटच असते आणि उपाय चालतो.

मीटरचा बुश कोरडा असेल तर मीटरमागच्या छिद्रात शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा आणि रात्रभर मीटर उलटा ठेवावा. दोन थेंब नकोत. मीटरची काच आतून तेलकट दिसत असेल तर दुखणे निराळे आहे: केबलच्या खालच्या जोडातले सील गळते आहे आणि इंजिन ऑइल केबलमधून वर चढते आहे, तेव्हा आधी ते सील बदलावे.

केबल परत बसवताना तार हाताने फिरवत चौकोनी टोक खाचेत उतरल्याचे जाणवले पाहिजे. न उतरता नट आवळला की पहिल्याच दिवशी टोक सोलले जाते. नट हातानेच घट्ट करावा, पकडीने नाही. केबलला मीटरजवळ किंवा फायरवॉलजवळ (इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याजवळ) तीक्ष्ण वळण देऊ नये. तळहाताच्या रुंदीपेक्षा लहान वळण असेल तर क्लिप सैल करून केबल मोकळी करावी, आणि ती सायलेन्सरला टेकत नाही हेही पाहावे. वळणामुळे तुटलेल्या केबली मी ग्रीसअभावी तुटलेल्यांपेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

खरेदीबाबत स्पष्ट लिहितो. अशी तक्रार घेऊन गेल्यावर डॅशबोर्डचा अख्खा संच बदलण्याचा सल्ला काही ठिकाणी लगेच मिळतो, कारण संच कपाटात तयार असतो आणि केबल साफ करण्याच्या मजुरीत कोणाला फारसे काही सुटत नाही. वरील परीक्षा स्वतः केल्याशिवाय संच घेऊ नये. केबल बदलायची झाली तर फक्त केबल मागावी, आणि जुनी सोबत नेऊन लांबी व दोन्ही टोके जुळवून घ्यावी. दोष हेरणारा माणूस नट न सोडता, आवाज न ऐकता किंमत सांगत असेल, तर तिथून परत फिरावे. गंज सोडवण्याचा डबाबंद स्प्रेही या कामासाठी घेऊ नये; तो जुने ग्रीस धुऊन काढतो, स्वतः उडून जातो आणि आठ-दहा दिवसांत केबल आधीपेक्षा जास्त ओरडते.

नव्या काही ट्रॅक्टरमध्ये मीटर इलेक्ट्रॉनिक असतो आणि केबल नसतेच. तिथे काटा नाचत असेल तर अर्थिंगची वायर आणि बॅटरीची टोके साफ करून घट्ट करावीत. ग्रीसचा काही संबंध नाही.

थंडीतली इतर कामे:
बॅटरीची टोके साफ करून व्हॅसलीन लावणे.
फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून १० ते १२ मिलिमीटर झुकतो का पाहणे.
डिझेल फिल्टरच्या वाटीतले पाणी काढणे.
एअर क्लीनर साफ करणे.
सुरू केल्यावर पाच मिनिटे कमी वेगावर ठेवणे.
टायरमधील हवा सकाळी, थंड असताना मोजणे.

वेळेबाबत मात्र सवलत नाही. आंबिया बहारासाठी दिलेला ताण (झाडांचे पाणी बंद ठेवणे) जानेवारीत तुटतो, त्यानंतर नवती आणि फुले एकदमच येतात आणि सायलाची पहिली फवारणी दारात उभी राहते. त्या दिवशी सकाळी केबल शोधत बसणाऱ्याला दुकानात ती मिळेलच असे नाही. म्हणून ताण चालू असतानाच, बगीच्यात ट्रॅक्टरचे काम नसते त्या दिवसांत, केबल उतरवून साफ करावी. काढून ठेवलेली असेल तर आज संध्याकाळीच टूलबॉक्समधून बाहेर काढावी आणि यू आकाराची परीक्षा घ्यावी.

नवी केबल येईपर्यंत फवारणी टाळता येत नसेल, तर ज्याचा मीटर चालू आहे अशा शेजाऱ्याचा, शक्यतो त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर शेजारी उभा करावा, त्याचा काटा ५४० वर ठेवावा आणि आपल्या थ्रॉटलची दांडी त्या आवाजाशी जुळवून तिथे रंगाची खूण करावी. तेवढ्या दिवसांचे कामाचे तास घड्याळ पाहून वहीत लिहावेत, कारण मीटरवरचा आकडा ते पुढे कधीच दाखवणार नाही.